भिंतीवरचे सात तुकोबा



स्मरणिका समितीनं मला निरोप दिला, "महाराज, दिंडीच्या शंभर वर्षांच्या इतिहासावर चार पानं लिहा." माझं शिक्षण चौथी. हातात नांगर आणि गळ्यात वीणा, यातच साठी उलटली. कीर्तनाला उभं राहिलं की दोन तास कसे जातात कळत नाही, पण कागद पुढं आला की हात अडखळतो. आजोबांची जुनी वही काढून सालवार लिहायला बसलो. अमक्या साली अमके विणेकरी, तमक्या साली पाऊस कमी. पान भरलं, पण शंभर वर्षं काही त्यात दिसेनात. मग आमच्या विठ्ठल मंदिराची उत्तरेकडची भिंत आठवली. शंभर वर्षं एका जागी कशी मांडायची ते त्या भिंतीला माहीत होतं. म्हणून आधी चित्राचं सांगतो आणि मग दिंडीकडं येतो. पोटात घ्या.

त्या भिंतीवर आमच्या लहानपणी चित्र होतं. आजोबांच्या वेळेला कुणी एक फिरता चितारी गावात मुक्कामाला राहिला आणि भाकरी-कालवणावर त्यानं ते रंगवलं, असं जुनी माणसं सांगत. चित्र तुकोबारायांचं होतं. खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंद्रायणी वाहत होती आणि तिच्या काठाकाठानं तुकोबा. एक नव्हे, सात.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. आज्जीच्या मांडीवर बसून एकेक मोजत होतो. एक तुकोबा दुकानात तराजूपाशी बसलेत. दुसरे नदीत कर्जाची खतं टाकतायत. तिसरे डोंगरावर एकटे. चौथे पाण्याकडं बघतायत आणि वह्या बुडतायत. पाचवे शिळेवर डोळे मिटून बसलेत. सहाव्यांच्या पुढ्यात वह्या पाण्यावर तरंगतायत. सातवे विमानात. मी आज्जीला विचारलं, "आज्जे, तुकोबा किती भाऊ होते गं?"

आज्जी हसली नाही. म्हणाली, "अरं लेकरा, तुकोबा एकच हायती. येळ सात हायती."

आज्जीला अक्षर येत नव्हतं. पण चित्रात काळ कसा दाखवतात ते तिनं त्या एका वाक्यात सांगितलं. पुढं मोठमोठ्या ठिकाणची चित्रं बघितली, शिकलेल्या माणसांकडून ऐकलं, तरी त्या वाक्याच्या पलीकडं फार काही हाती लागलं नाही.

आता बघा, तोच माणूस आहे हे लेकराला कळावं म्हणून चिताऱ्यानं काय केलं होतं? सातही ठिकाणी पागोटं तेच, उपरणं तेच, गळ्यातली माळ तीच. बदललं होतं ते एवढंच, की दुकानातल्या तुकोबांची मिशी काळी आणि शिळेवरच्या तुकोबांच्या दाढीत पांढरे फटकारे. ओळख पटायला जे सारखं लागतं ते सारखं ठेवलं आणि वय कळायला जे बदलावं लागतं तेवढंच बदललं. आणि तेरा दिवसांचं धरणं एका चित्रात कसं दाखवायचं? शिळेच्या एका अंगाला सूर्य काढला होता आणि दुसऱ्या अंगाला चंद्र. सूर्य-चंद्र एका आभाळात एकदम दिसले की समजायचं, दिवसामागून रात्र आणि रात्रीमागून दिवस गेला. आज्जी तिथं आली की बोट थांबवायची, गप्प राहायची आणि मग पुढं सरकायची. तिच्या त्या थांबण्यात मला तेरा दिवस कळले.

ही काही त्या चिताऱ्यानं एकट्यानं शोधलेली युक्ती नव्हे. आपल्याकडं कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाजवळ नाहीतर वेशीवर वीरगळ असतात. शेंदूर फासून आपण त्यांना देव म्हणतो, पण नीट कुणी बघत नाही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना. कुठं गाईगुरं काढलेली दिसली तर समजावं, गावची जनावरं सोडवताना तो गेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. त्याच्या वर तोच वीर पिंडीपुढं हात जोडून बसलाय. आणि अगदी वर सूर्य-चंद्र, म्हणजे हे असेतो याचं नाव राहील. एका दगडात मरण, प्रवास आणि नंतरचं सगळं. लिहिलेलं बहुतेक वेळा अक्षरही नसतं.

काही वर्षांपूर्वी गावच्या मंडळींबरोबर अजिंठ्याला जाणं झालं. सोबत आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी होते. वाघोरा नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या डोंगरात तीसेक लेणी आहेत. काही इसवी सनाच्या आधीची सातवाहनांच्या काळातली, तर बाकीची पाचव्या शतकातली वाकाटकांच्या वेळची. मला वाटलं होतं, राजेरजवाड्यांची चित्रं, आपल्याला काय कळणार. पण दहाव्या लेण्यात गुरुजींनी भिंतीकडं बोट केलं आणि मला आज्जीच आठवली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ते चित्र. पुष्कळ उडालंय, पण त्यात तोच हत्ती पुन्हा पुन्हा दिसतो.

ती कथा अशी. बुद्ध आधीच्या एका जन्मात सहा सुळ्यांचा हत्ती होते. त्यांच्या दोन हत्तिणी. धाकटीच्या मनात सवतीमत्सर शिरला, त्या रागात ती गेली आणि पुढच्या जन्मी काशीच्या राजाची राणी झाली. मागचा राग मात्र गेला नाही. आजाराचं सोंग करून तिनं त्या हत्तीचे सुळे मागितले. शिकारी रानात गेला, खड्ड्यात लपला, भगवी वस्त्रं पांघरली आणि बाण मारला. हत्तीनं सोंडेनं त्याला धरलं, पण त्या वस्त्राचा मान राखून सोडून दिलं. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा हत्तीनं स्वतः करवत घेऊन कापून दिले. ते सुळे पुढ्यात आल्यावर राणीला आपलाच मागचा नवरा आठवला आणि तिचा जीव गेला. दोन जन्मांची कथा! वह्या बुडाल्या तरी मनात राग न धरणारे आपले तुकोबा आणि हा हत्ती मला जवळजवळ उभे दिसले.

पण खरी गंमत पुढं आहे. आमच्या भिंतीवरचे तुकोबा ओळीनं होते, नदीच्या धारेबरोबर. अजिंठ्याच्या चिताऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी तसं केलं नाही. गुरुजींनी पुस्तकातलं वाचून सांगितलं, की तिथं प्रसंग काळाच्या क्रमानं नाही तर जागेप्रमाणं मांडलेले असतात. रानात जे जे घडलं ते रानात आणि वाड्यात जे जे घडलं ते वाड्यात, मग ते आधीचं असो की नंतरचं. त्यामुळं कथा कळायला डोळ्यांना रानातून वाड्यात, वाड्यातून परत रानात अशी येरझार घालावी लागते.

मी म्हटलं, "गुरुजी, ही तर मांडणी चुकली." गुरुजी म्हणाले, "महाराज, तुम्ही तुमच्या वावराच्या बांधावर उभे राहिलात की तुम्हाला काय दिसतं?"

मी विचार केला. विहिरीपाशी उभं राहिलं की मला आजोबांची मोट दिसते, वडिलांचं इंजिन दिसतं आणि माझी मोटार दिसते. तीन पिढ्या एकाच जागी. आंब्याखाली उभं राहिलं की बैल गेला तो दिवस आणि थोरलीच्या लग्नाचा मांडव, दोन्ही तिथंच. मनात सालाप्रमाणं काही लागलेलं नसतं. जागेप्रमाणं लागलेलं असतं. चिताऱ्याची मांडणी बरोबर होती.

दुसरी गोष्ट तिथं उमगली. दहावं लेणं म्हणजे चैत्य. मधे स्तूप, दोन्ही बाजूंनी खांब आणि खांबांमागून प्रदक्षिणेची वाट. चित्रं त्या वाटेच्या भिंतीवर आहेत. म्हणजे जो येईल तो चालत चालतच बघणार. चित्र जागचं हलत नाही, माणूस चालतो आणि कथा पुढं सरकते. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. दान देतो म्हणून त्याला राज्याबाहेर घालवतात. बायकापोरांसकट त्याचा रथ बाजारातून चाललाय आणि दुकानदार आपापल्या दुकानातून बघतायत. तिथं मी उभा राहिलो तेव्हा मला मीही एक बघणारा दुकानदारच वाटलो. रथ माझ्यापुढून गेला.

चित्रात काळ आणायची आणखी एक रीत मी सिंधुदुर्गात बघितली. कीर्तनानिमित्त कुडाळला गेलो होतो, तिथून पिंगुळी जवळ. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. सावंतवाडीच्या राजांनी तिला आश्रय दिला होता. आता ती टिकवली म्हणून तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. ही कला जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथातही चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे.

चित्रकथी म्हणजे सुट्ट्या कागदांवरची चित्रं. एका कथेच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा जमिनीवर बसतो, चित्र फळीला टेकवून उभं करतो आणि गात-सांगत एकेक चित्र बदलतो. इथं एका भिंतीवर सात तुकोबा नसतात. एका कागदावर एकच प्रसंग, आणि काळ सरकतो तो सांगणाऱ्याच्या आवाजानं. त्याला वाटलं तर एका चित्रावर अर्धा तास थांबेल, वाटलं तर बारा वर्षांचा वनवास एका श्वासात उरकेल. आपणही कीर्तनात हेच करतो. एका शब्दावर तासभर निरूपण, आणि जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य एका दृष्टांतात.

याच चित्रांची एक तऱ्हा पैठणी म्हणून ओळखली जाते, म्हणजे आपल्या नाथमहाराजांच्या गावच्या नावानं. तसली चित्रं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. पालखीचा पुण्यात दोन दिवस मुक्काम असतो, तेव्हा एका वारीत मी बघून आलो. मोठमोठे डोळे, बाजूनं काढलेले चेहरे. लढाईच्या चित्रात दोन वीर समोरासमोर आणि मधल्या जागेत सुटलेले बाण. बाण धनुष्यातून निघालेत, पण अजून लागायचेत. मी तिथं उभा राहून वाट बघत होतो. चित्र हलणार नाही हे माहीत असून वाट बघत होतो!

घरोघरच्या तसबिरींची रीत याच्या जवळची. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि देव घराघरांत भिंतीवर आले. त्यांचं गंगावतरणाचं चित्र पुष्कळांनी बघितलं असेल. महादेव वर बघत पाय रोवून उभे, वरून गंगा उतरतेय, बाजूला भगीरथ. एकच क्षण. पण ज्याला कथा ठाऊक आहे त्याला भगीरथाचं मागचं तप दिसतं आणि गंगेचं पुढचं वाहणंही दिसतं. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला नुसता जटावाला माणूस दिसतो. म्हणजे अर्धं चित्र कागदावर असतं आणि अर्धं आज्जीच्या तोंडी. आज्जी गेली आणि सांगणारं कुणी उरलं नाही, तर चित्र असूनही मुकं.

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. हे आजवर कीर्तनात कधी सांगितलं नाही.

आमची ती भिंत आता पांढरी आहे. मी वीस-बावीस वर्षांचा होतो. गावात सप्ताह मोठा करायचा ठरला. मंदिर स्वच्छ दिसावं म्हणून तरुण पोरांनी चुना भिजवला, त्यात नीळ घातली आणि केकताडाचे कुंचले घेऊन आम्ही भिडलो. चित्राचे पोपडे निघाले होते, खालचा भाग ओल लागून गेला होता. कुणीतरी म्हणालं, "हे जुनाट कशाला ठेवायचं, नवीन फोटो लावू." उत्तरेकडची भिंत माझ्या वाटणीला आली. दुकानातल्या तुकोबांपासून सुरुवात केली आणि दुपारपर्यंत विमानापर्यंत पोचलो. कुणी बळजबरी केली नव्हती. भक्तीनंच केलं. संध्याकाळी आज्जी काठी टेकत दर्शनाला आली. भिंतीसमोर उभी राहिली, हात नेहमीच्या उंचीला उचलला आणि तसाच खाली घेतला. मला एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती त्या बाजूला कधी बसली नाही.

अजिंठ्यालाही असं घडलंय. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला लेणी दिसली. त्यानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर, रंगवलेल्या मूर्तीवरच आपलं नाव कोरून ठेवलं. पुढं 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं चित्रं वाचवायला इटलीहून जाणकार आणले. त्यांनी चांगल्या हेतूनं वरून लाखेचं रोगण दिलं, ते पुढं पिवळं-काळं पडलं आणि चित्रंच झाकोळली. त्याच्या आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 पर्यंत नकला केल्या. त्यातल्या पुष्कळ लंडनच्या आगीत जळाल्या. नकला गेल्या, पण भिंत अजून उभी आहे. आमच्या भिंतीची तर कुणी नक्कलही केली नव्हती.

आता शताब्दीनिमित्त मंदिराचा जीर्णोद्धार चाललाय. सभामंडपाच्या भिंतींना चकचकीत फरशी लावायचं ठरलंय. गेल्या महिन्यात उत्तरेकडच्या भिंतीला ओलीनं फुगा आला आणि चुन्याचा एक पापुद्रा आपोआप गळून पडला. खाली निळ्या रंगाची वितभर पट्टी आणि त्यावर एका वहीचं टोक दिसलं. ती इंद्रायणी आहे. माझ्या चुन्याखाली ती एवढी वर्षं वाहतीये.

समितीला आणि गावाला माझी हात जोडून विनंती आहे. बाकी सगळीकडं फरशी लावा, पण ही एक भिंत सोडा. आणि पोरांनो, उत्साहात पत्र्यानं खरडायला जाऊ नका, पाण्यानं धुऊ नका, वरून रोगण तर मुळीच नको. भक्तीनं केलेलं नुकसान मी एकदा केलंय. पुरातत्त्व खात्याकडं अर्ज करू, जाणकार माणूस बोलावू, तो सांगेल तेवढंच करू. सगळे सात निघतील असं नाही. एक निघाला तरी पुरे. तोवर ज्या म्हाताऱ्या माणसांना ते चित्र आठवतं, त्यांनी पोरांना त्या भिंतीपुढं बसवून सांगावं, इथं दुकान होतं, इथं शिळा होती.

आता दिंडीचा इतिहास. चिताऱ्यांकडून शिकलो तसा, सालाप्रमाणं नाही तर जागेप्रमाणं लिहितो.

दिवेघाट: इथं आजोबांच्या बैलगाडीचा आख मोडला आणि दिंडीनं सामान डोक्यावर घेऊन घाट चढला. इथंच वडिलांनी पहिल्यांदा माझ्या गळ्यात टाळ घातले. इथंच परवाच्या वारीत माझी नात चढता चढता म्हणाली, "आजोबा, थकलात का?"

नीरा: माऊलींच्या पादुकांना स्नान होतं त्या घाटावर आज्जीनं शेवटची वारी पुरी केली आणि "आता पुढच्या साली तू जा" म्हणून तुळस आईच्या डोक्यावर दिली. त्याच पाण्यात आईची तुळस माझ्या सुनेच्या डोक्यावर गेली.

चांदोबाचा लिंब: इथं उभ्या रिंगणात अश्व आला, की तीन पिढ्यांनी त्याच्या टापांखालची माती त्याच जागी वाकून कपाळाला लावली.

वाखरी: इथं 2020 साली आमची दिंडी नव्हती. रोगाच्या साथीमुळं पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आम्ही घरी बसून टाळ वाजवले. चित्रात तेवढी जागा कोरी सोडा. कोरी जागाही काळच सांगते.

नीरेच्या घाटावर चार बायकांच्या डोक्यावर तुळस दिसेल. दिवेघाटात पाच माणसं टाळ घेऊन चढताना दिसतील. पुढं कुणा लेकरानं ही पानं उघडून विचारलं, की ह्या बायका किती आणि हे टाळकरी किती, तर त्याला आज्जीचं उत्तर द्या. तुळस एकच आहे. दिंडी एकच आहे. वेळा तेवढ्या निराळ्या.

काही उणंअधिक लिहिलं असेल तर लेकराचं बोबडं बोलणं समजून क्षमा करावी.

राम कृष्ण हरी.